डाव्या पायाला काम नसलेली गाडी

साल दोन हजार दोन. हिंजवडीत तेव्हा एका अंगाला काचेच्या इमारती उठत होत्या आणि दुसऱ्या अंगाला अजून भाताची खाचरं होती. कंपन्यांच्या बसगाड्या धुरळा उडवत यायच्या, समोरून म्हशी यायच्या, आणि कुणी कुणाला वाट द्यायची हे अजून ठरायचं होतं. त्या वर्षी सर्जेरावांनी मोटार घेतली आणि त्यांच्या बायकोची, सोजरबाईंची, झोप उडाली.

मोटार नवी नव्हती. कुठल्याशा कंपनीतला साहेब परदेशी निघाला होता, त्याची ती. करड्या रंगाची, लांब डिकीची, आत मऊ गाद्या. कंपन्यांना जमिनी दिलेली घरं त्या काळात जीप घ्यायची, सर्जेरावांच्याही मनात जीपच होती. पण वाकड फाट्यावरच्या जब्बारच्या गॅरेजात ही उभी दिसली आणि त्यांचा पाय तिथून निघेना.

"एवढी चांगली गाडी, मग गिऱ्हाईक का न्हाई रं हिला? पुरात बुडाली हुती काय?"

"नाही मामा," जब्बार हसून म्हणाला. "ऑटोमॅटिक आहे. गिअर आपले आपण बदलतात. पुण्यातले लोक भितात अशा गाडीला."

"आन् क्लच?"

"क्लचच नाही. डाव्या पायाला सुट्टी!"

सर्जेराव खूश झाले. त्यांच्या डाव्या पायाला मात्र कुणी विचारलं नाही. तीस वर्षं त्या पायानं ट्रॅक्टरचा क्लच दाबला होता, आणि तोही असा की दाबताना माणसाला गादीवरून अर्धं उठावं लागे. असा पाय उतारवयात सुट्टी कशी घेणार? गाडी थांबवायची वेळ आली की तो आपसूक उचलला जायचा, क्लच शोधायचा, आणि क्लचच्या जागी ऐसपैस ब्रेक सापडला की त्याच्यावर ट्रॅक्टरच्या हिशेबानं पडायचा. गाडी भिंतीवर आदळल्यासारखी जागच्या जागी उभी राहायची आणि आतली सगळी माणसं पुढच्या काचेला लोटांगण घालायची. मग सर्जेराव समोर जे कुणी असेल त्याला शिव्या द्यायचे. समोर कुणी नसलं तर रस्त्याला द्यायचे. गाडी चालवताना त्यांचं तोंड बंद असं कधी नसेच.

सोजरबाईंना त्याहूनही भय वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचं. म्हातोबाच्या देवळापुढं गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. सर्जेरावांनी गिअरचा दांडा मागं ओढला, ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी आपसूक पुढं सरकली. त्यांनी काहीही दाबलेलं नव्हतं. लिंबं फुटली, बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सोजरबाईंच्या अंगावर काटा आला.

"अवो, ही न सांगता चालती!"

"आगं, तिची रीतच हाय तशी. ब्रेक सोडला की हळूहळू निघती."

"बैलसुद्धा हाकल्याबिगर निघत न्हाई. हिला कोण हाकतंय?"

तेव्हापासून सोजरबाई मागच्या सीटवर बसत त्या पुढच्या दोन सीटांच्या मधोमध मान घालून. नवऱ्याचा हात कुठं जातो, दांडा कुठं सरकतो, पाय कधी उचलतो, यावर त्यांची डोळ्यात तेल घालून पाळत. भ्यालेलं माणूस जेवढं बारीक बघतं तेवढं शिकायला आलेलं बघत नाही. 'पाय!' एवढाच शब्द त्यांच्या तोंडात असे. वेळेवर ओरडल्या तर गचका टळायचा. दहातून तीनदा टळायचा.

त्यातच सासूच्या डोळ्याचं निघालं.

सासू म्हणजे बायडाबाई. एक डोळा त्यांचा तरणेपणीच गेला होता, ज्वारीच्या काढणीत धसकट लागून. उरलेल्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला घरात कुणाचा होकार नव्हता. नणंद मथुराबाई तर माहेरी येऊन अंगणातच बसली. "एकच तर डोळा हाय आईला, त्याला सुरी लावायची? गेला म्हंजे?"

सोजरबाईच एकट्या हटून बसल्या होत्या. म्हातारी चुलीपाशी चाचपडताना त्या रोज बघत होत्या. एकदा तर बायडाबाईंचा हात उकळत्या आमटीत जाता जाता राहिला होता.

"जाणार न्हाई डोळा. मी हाय ना," त्या म्हणाल्या.

"तू हायस व्हय? मग ध्यानात ठेव वैनी," मथुराबाईनं बोट नाचवलं. "आईला अंधार झाला तर तो तुझ्यामुळं झाला. सारी भावकी गोळा करून सांगीन."

ऑपरेशन नारायण पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात झालं. नीट झालं. दोन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "पट्टी शुक्रवारी काढू. तोवर जपा. आत टाके आहेत. खोकायचं नाही, रडायचं नाही, दचकायचं नाही. आणि डोक्याला हिसका तर अजिबात बसता कामा नये. धुरळाही नको. घरी कशा नेणार आहात?"

सोजरबाई 'रिक्षा' म्हणायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात सर्जेराव छाती काढून म्हणाले, "आपली सोताची गाडी हाय साहेब. एसी. अन् आटोमॅटिक."

"ऑटोमॅटिक? वा!" डॉक्टर खूश झाले. "मग प्रश्नच मिटला. गिअरच्या गाडीसारखे गचके बसणार नाहीत."

सोजरबाईंनी 'रिक्षा' तोंडातच गिळली. डॉक्टरांपुढं नवऱ्याच्या पायाची कागाळी कशी करायची?

बायडाबाईंना पुढच्या सीटवर, सीट मागं लववून, उशी लावून निजवल्यासारखं बसवलं. एका डोळ्याला जन्माचा अंधार, दुसऱ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. काचा बंद, एसी सुरू. सोजरबाई मागच्या सीटवर नेहमीच्या जागी मान घालून बसल्या आणि कानात सांगितल्यासारखं म्हणाल्या, "अवो, आज त्यो पाय सांभाळा. तुमच्या आईचा डोळा त्या पायाखाली हाय."

सर्जेरावही आतून हबकलेले होतेच. ते एवढे हबकले होते की शिव्याही पुटपुटत होते, मोठ्यानं देत नव्हते. पहिल्याच गल्लीत औषधाचं दुकान लागलं. डोळ्यात घालायचे थेंब दवाखान्यात संपले होते, ते घ्यायचे होते. गाडी थांबवायची वेळ आली. डावा पाय उचलला गेला.

"पाय!" सोजरबाई दबक्या आवाजात किंचाळल्या.

सर्जेरावांनी घामाघूम होऊन पाय हवेतच धरला आणि उजव्यानं ब्रेक हलके हलके दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली. तिघांनाही धन्य वाटलं. सर्जेरावांनी हँडब्रेक ओढला आणि सुटकेचा श्वास सोडला. सगळं ध्यान पायात होतं, त्यामुळे हात आपलं काम विसरला. दांडा पुढं सरकवायचा राहिला. गाडी उभी होती, पण तिच्या मनात चालायचंच होतं. नुसत्या हँडब्रेकनं तिला दाव्याला बांधल्यासारखं धरून ठेवलं होतं.

सोजरबाई उतरून समोरच्या दुकानात गेल्या.

तिकडं तळमजल्याच्या खिडकीतून एक बाई बघत होत्या. आनंदीबाई त्यांचं नाव. गाडी नेमकी त्यांच्या दारात उभी होती.

"अहो पाहुणे," त्यांनी खिडकीतूनच विचारलं, "आपण मुक्कामालाच आलात, की जाणार आहात?"

सर्जेराव उतरले. इंजिन चालूच ठेवलं. आईला थंड हवा पाहिजे होती, आणि एकदा सुरू झालेलं यंत्र बंद करायचं नाही ही ट्रॅक्टरची शिकवण होतीच. पुण्यात चोर फार, म्हणून उतरताना त्यांनी आपल्या दाराची खुंटी मात्र दाबली. त्या जुन्या गाडीत चालकाच्या दाराचं इतर दारांशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. ते एकटंच बंद झालं.

"दोनच मिन्टं, बाई. औषिद घेतुय. आईचं डोळ्याचं आपरेशन झालंय."

"त्यांचा डोळा बरा होवो. माझे दोन्ही चांगले आहेत, आणि त्यांना असं दिसतंय की मला दार उघडून बाहेर पडता येत नाही."

"हलवतो की बाई. बाप्या माणसाचं तरी ऐका."

"बाप्या माणसांचंच ऐकत आले जन्मभर, म्हणून तर खिडकीत बसलेय." आणि आनंदीबाई मधेच थांबल्या. त्यांनी चष्मा नीट केला. "हलवताय ते उत्तमच. पण बाहेर उभं राहून कशी हलवताय, ते तेवढं सांगा. हे मी आजवर पाहिलं नव्हतं."

सर्जेराव वळले. एसीच्या यंत्रानं मधेच जोर धरला होता, त्यासरशी इंजिनानंही धरला, आणि जुना हँडब्रेक हार मानून मोकळा झाला होता. गाडी निघाली होती. सावकाश, एखादं लग्नाचं वऱ्हाड निघावं तशी. आत बायडाबाई एकट्या, हात मांडीवर ठेवून.

सर्जेराव धावले. दार ओढलं. दार बंद. चावी आत. बाकीची दारं उघडी आहेत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी काचेवर थापा मारल्या आणि त्याच क्षणी डॉक्टर आठवले, 'दचकायचं नाही.' थापा थांबवून ते नुसतेच काचेशेजारून चालायला लागले, मयताला खांदा द्यायला जागा मिळत नाही तशा चेहऱ्यानं.

सोजरबाई दुकानातून बाटली घेऊन वळल्या. नवरा रस्त्यावर आणि गाडी चाललेली बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडावं, तर म्हातारी दचकेल. थांबावं, तर पुढं गल्ली संपते आणि लक्ष्मी रस्ता लागतो, तिथं पीएमटीच्या बसगाड्या. त्यांनी नऊवारीचा काष्टा खोचला, चार ढांगा टाकल्या, मागचं डावं दार उघडलं आणि चालत्या गाडीत अंग टाकलं. दार मात्र अगदी हळू लावलं.

"सोजर, आलीस का?"

"आले, आत्याबाई." छाती भात्यासारखी हलत होती, पण आवाज त्यांनी कसाबसा सपाट ठेवला.

"सर्जा बोलंना झालाय गं. मघाधरनं हाका मारतीया."

"त्यांचं सगळं ध्यान गाडीकडं हाय."

ते अगदी खरं होतं. सर्जेराव आता पुढं जाऊन बॉनेटवर दोन्ही पंजे रोवून उभे होते आणि गाडीला रेटत होते. गाडी त्यांना रेटत होती. वहाणा रस्त्यावर घासत ते मागं मागं सरकत होते, आणि काचेतून बायकोकडं अशा डोळ्यांनी बघत होते की सोजरबाईंनी ती नजर आपल्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

सोजरबाई पुढच्या सीटांच्या मधून कमरेपर्यंत वाकल्या आणि उजवा हात लांबवून स्टिअरिंग धरलं. जन्मात पहिल्यांदा. डावीकडं स्कुटरांची रांग होती. उजवीकडं पेरूची हातगाडी. थोडं इकडं वळवलं तर गाडी खरंच इकडं वळली, आणि त्याचंही त्यांना भयच वाटलं. ब्रेक तिकडं खाली, खोल, त्यांचा पाय पोचणार नाही अशा जागी. हँडब्रेक हाताशी होता. पण नवऱ्यासारखा एकदम खेचला तर? हिसका. हिसका म्हणजे टाके. टाके म्हणजे अंधार. मथुराबाईचं बोट डोळ्यांपुढं नाचायला लागलं.

आणि नेमकं तेव्हाच पुण्याला सर्जेरावांची दया आली.

मोटार आणि तिला चिकटलेला माणूस एवढं दिसलं की त्या काळी गल्लीतली गडीमाणसं दुसरं काही विचारत नसत. बॅटरी उतरलेली असणार, धक्का द्यायला हवा. सायकलच्या दुकानातले दोघं आणि चहा पीत उभे असलेले दोघं पुढं झाले.

"काका, पुढून ढकलून कशी सुरू होईल? सरका, आम्ही मागून लावतो!"

"नगा!" सर्जेरावांना धाप लागली होती. "ढकलू नगा! चालू हाय!"

"चालू आहे तर ढकलताय कशाला?"

"मी ढकलत न्हाई! थांबवतुय!"

पण तोवर चौघं डिकीला भिडले होते. "हैशा!" सुरू झालं होतं. एवढी सहज ढकलली जाणारी गाडी त्यांना आजवर भेटली नव्हती, त्यामुळे त्यांचा उत्साह दुणावला. सर्जेरावांच्या वहाणांचा आवाज बदलला. आता ते सरकत नव्हते, उलटे धावत होते.

"आज गाडीला वारं लागलंय जणू," बायडाबाई म्हणाल्या. "भायेर कसला गं गलका?"

"मिरवणूक हाय, आत्याबाई."

"कुणाची?"

सोजरबाईंनी पुढं धापा टाकणाऱ्या नवऱ्याकडं बघितलं. "हाय एकाची."

पाय दाबून घेताना बोलावं तशा निवांत आवाजात म्हातारी म्हणाली, "सोजर, एक सांगते. डोळा राहिला तर राहिला, गेला तर गेला. तुझ्यावर बोल न्हाई लावायची मी. मथुरीला कालच सांगून ठेवलंय. तू तुझं काम बिनघोर कर."

आत्ताच, या घटकेला हे का बोलतेय म्हातारी? सोजरबाईंना विचार करायलाही सवड नव्हती. पण का कोण जाणे, डोळ्यांपुढचं मथुराबाईचं बोट नाचायचं थांबलं. गल्लीचं तोंड दिसायला लागलं होतं. लाल बस एका बाजूनं दुसरीकडं गेली. तिच्या मागून दुसरी.

दांडा. चार महिने सोजरबाईंनी त्या दांड्यावर पाळत ठेवली होती. अक्षरं इंग्रजी होती, ती त्यांना येत नव्हती, पण घरी आल्यावर गाडी गप्प बसवताना सर्जेराव दांडा पुढं सारतात, एवढं त्यांनी मनात गोंदवून ठेवलेलं होतं. त्यांनी डाव्या हातानं दांडा पुढं सारला. तो एकच खाच पुढं गेला आणि अडला. आणखी रेटला. हलेना. त्याच्या कडेला एक खटका असतो, तो दाबल्याशिवाय पुढं जाता येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. झालं, संपलं सगळं, असं त्यांना वाटलं.

पण त्या एका खाचेनंच गाडी न्यूट्रलला आली होती, तिचा गुरगुराट हलका झाला होता. ती आता आपण होऊन ओढत नव्हती. पुढं सर्जेरावांच्या टाचा रस्त्यात रुतल्या. इंजिनापुढं हरलेला माणूस नारायण पेठेतल्या चौघांना काय हार जाणार? त्यांनी मान खाली घातली आणि चिखलात रुतलेली ट्रॉली काढावी तसा जोर लावला. मागच्यांना वाटलं, चढ लागला. त्यांनीही दम खाऊन जोर लावला. आणि दोन्हीकडच्या रेट्यात सापडून गाडी मंद, आणखी मंद होत, पिसासारखी उभी राहिली. सोजरबाईंनी हँडब्रेक एकेक दात मोजल्यासारखा हळूहळू वर घेतला. कट्. कट्. कट्.

आतल्या माणसाला कळलंसुद्धा नाही, गाडी कधी थांबली ते.

तोवर आनंदीबाई घरातल्या चपला फटफटवत येऊन पोचल्या होत्या. "अरे मेल्यांनो, पुढे माणूस आहे! परोपकार करताना एकदा वाकून तरी बघावं!"

चौघं वाकून बघायला लागले. बॉनेटवर गाल टेकून सर्जेराव आडवे झाले होते.

"म्हणजे काका थांबवत होते?"

"नाही, मोटारीचा मुका घेत होते. निघा आता."

आत बायडाबाई म्हणाल्या, "आलं का घर?"

"न्हाई आत्याबाई. सिग्नल लागलाय."

"बरं. सर्जा, आज मातर पहिल्यांदा गाडी नीट चालवलीस हो. माणूस चालवतंय असं वाटलं."

सोजरबाईंनी आतून दाराची खुंटी उचलली होती आणि सर्जेराव नेमके तेव्हाच दार उघडून आत डोकावत होते. ते ऐकून त्यांनी तोंड उघडलं, बायकोकडं बघितलं, आणि मिटलं.

निघण्याआधी आनंदीबाईंनी त्यांना तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला. "माझं दार मोकळं केलंत, आभारी आहे," त्या म्हणाल्या. "मार्ग जरा लांबचा निवडलात, एवढंच."

पण अजून हिंजवडी गाठायची होती. सर्जेराव बसले, आणि त्यांचा डावा पाय ब्रेकजवळ येऊन लवलवायला लागला. सोजरबाईंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आज त्यांच्या आवाजात विनंती नव्हती.

"त्या पायाची मांडी घाला."

"काय?"

"जेवायला बसता तशी. डावा पाय उचलून सीटवर घ्या, मांडीखाली दाबून बसा. घर येस्तवर सोडायचा न्हाई."

"आगं, लोक काय म्हणतील? मोटारीत मांडी घालून…"

"मघा लोकांनी कमी बघितलं काय?"

सर्जेराव मांडी घालून बसले. विद्यापीठाच्या चौकातल्या पोलिसानं वाकून त्यांच्याकडं दोनदा बघितलं, पण मांडी घालण्याबद्दल कुठला दंड लावायचा हे त्याला सुचलं नसावं. सबंध वाटेत एकही गचका बसला नाही.

शुक्रवारी पट्टी निघाली. बायडाबाईंनी डोळा किलकिला केला, खोलीभर फिरवला आणि सुनेवर आणून थांबवला. "सोजर," त्या म्हणाल्या, "तुझे केस गं कवा पांढरे झाले?"

"परवा," सोजरबाई म्हणाल्या आणि खाली बसून ढसाढसा रडल्या. डॉक्टरांनी रडायची बंदी फक्त सासूला केली होती.

मथुराबाईनं पुढच्याच वर्षी आपले दोन्ही डोळे त्याच दवाखान्यात करून घेतले, आणि आईचं ऑपरेशन आपल्याच सांगण्यावरून झालं असं ती मरेपर्यंत सांगत होती. आनंदीबाईंकडं दर दिवाळीला हिंजवडीहून नव्या तांदळाचं पोतं जायचं. "पोतं दारात ठेवू नका, आत ठेवा," हे त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. त्या गेल्या त्या वर्षीही पोतं गेलं, ते त्यांच्या सुनेनं उतरवून घेतलं. जब्बारनं सगळी हकिगत ऐकून कानाला हात लावला. "मामी, चालत्या गाडीत तो खटका दाबून दांडा आणखी पुढं सारला असता तर गिअरबॉक्सचे तुकडे गोळा करत बसलो असतो आपण," तो म्हणाला. पुढं पुण्यात असल्याच गाड्या ज्याच्या त्याच्या दारात आल्या आणि जब्बारचं गॅरेज दुमजली झालं. सर्जेरावांनी दोनएक वर्षं मांडी घालून गाडी चालवली. मग गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच पुन्हा बाहेर काढला, आणि अखेरपर्यंत त्यावर सुखी राहिले.

गाडी मग नुसतीच उभी राहायला लागली, तेव्हा जब्बारच्या लेकीनं, सलीमानं, सोजरबाईंना ती चालवायला शिकवली. क्लचची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती, त्यामुळे विसरायचं असं काही नव्हतंच. पहिल्यांदा सासूला शेजारी बसवून म्हातोबाला निघाल्या, तेव्हा मात्र सगळं अडलं. दांडा हलेना, ब्रेकवरचा पाय सुटेना.

बायडाबाई आपल्या एका डोळ्यानं समोर बघत म्हणाल्या, "भ्यायचं न्हाई. त्या दिशी मागनं वाकून चालवलीस, आज तर म्होरं बसलीयास."

सोजरबाई गर्रकन वळल्या. "आत्याबाई! तुमास्नी ठावं हुतं?"

"आगं, गाडी चालू आन् सर्जा गप? कवा झालंय का असं? शिवी न्हाई म्हंजे सर्जा न्हाई."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोलले असते तर तू भ्याली असतीस."

"आन् तुमी?"

"मी?" म्हातारी म्हणाली. "मी तर मेल्यातच जमा हुते भीतीनं. म्हनून तर बडबडत हुते. चल आता, देवळाचं दार लागंल."

बायडाबाई त्यानंतर आठ वर्षं जगल्या. डोळा शेवटपर्यंत शाबूत होता. सुईत दोरा त्याच ओवून द्यायच्या. ती करडी गाडी कधीच भंगारात गेली, तिच्या जागी तसलीच दुसरी आली. सोजरबाई आता सत्तरीच्या पुढं आहेत, पाठीमागं कंपनीच्या बसगाड्या भोंगे वाजवत असतात आणि त्या आपल्या डाव्या कडेनं सावकाश निघतात. बाई, आता भीती गेली ना तुमची, असं नातसुना विचारतात.

"जातीय कुठं?" सोजरबाई म्हणतात. "हाय की. पर आता तिला मागं बसवती मी."